आधी ऐकावे, मग ठरवावे



गेल्या वर्षीच्या दिवाळी स्नेहसंमेलनाची गोष्ट आहे. आमच्या सांस्कृतिक समितीपुढे कार्यक्रमांची लांबलचक यादी होती आणि हाताशी वेळ अवघा अडीच तासांचा. यादीची छाटणी करण्याचे काम माझ्याकडे आले. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाकडे अशी कामे आपोआपच येतात. भक्तिगीते, समूहनृत्ये, एक नाटुकले, लहानग्यांची वेशभूषा असे पाहत पाहत मी एका ओळीवर थांबलो. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने लिहिले होते : ‘एक जुने अमेरिकन गीत व एक हिंदी चित्रपटगीत, एकल गायन.’ फारसा विचार न करता मी त्या ओळीवर लाल रेघ मारली. समितीतील कोणीही ‘का?’ असे विचारले नाही. संमेलन उत्तम पार पडले, जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपले, हिशेबही पैशापैशाने जुळला. ती मुलगी मात्र संमेलनाला आली नाही. तिचे आईवडील आले आणि लवकर निघून गेले.

आज या सदरात ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांच्याकडे वळण्यापूर्वी ही नोंद करणे आवश्यक वाटले. कारण त्या गायिकेचे जीवन वाचताना मला ती लाल रेघ वारंवार आठवत राहिली.

ती गायिका म्हणजे उषा उत्थुप. २०२४ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. त्याआधी २०११ साली पद्मश्री मिळालेली होती. आपल्यापैकी बहुतेकांना त्या ठाऊक आहेत त्या भरदार आवाजामुळे, कपाळावरील ठसठशीत टिकलीमुळे, केसांतील फुलांमुळे आणि कांजीवरम साडीमुळे. त्या हिंदी चित्रपटांत गायल्या, मराठीसह पंधराहून अधिक भारतीय भाषांत गायल्या. परंतु त्यांच्या कारकिर्दीचा पाया घातला गेला तो इंग्रजी, त्यातही विशेषेकरून अमेरिकन लोकप्रिय गीतांवर. विकास कुमार झा यांनी त्यांचे हिंदीत चरित्र लिहिले आहे. एका दाक्षिणात्य ब्राह्मण घरातील, मुंबईत वाढलेल्या मुलीने परदेशी गाणी गाऊन भारतभर मान मिळवला, ही हकीकत आपल्यासारख्या परंपरा जपणाऱ्या कुटुंबांनी सावकाश वाचावी अशी आहे.

उषाताईंचा जन्म नोव्हेंबर १९४७ चा. वडील मुंबई पोलीस दलात अधिकारी, राहणे भायखळ्याच्या पोलीस वसाहतीत. घरात रेडिओ सतत चालू असे आणि त्यावर बडे गुलाम अली खाँ, किशोरी आमोणकर, कर्नाटक संगीत आणि पाश्चात्त्य संगीत या सर्वांना सारखीच जागा होती. शेजारी एक पठाण पोलीस अधिकारी राहत असत. त्यांच्या मुलीशी उषाताईंची दाट मैत्री. तिच्या संगतीत त्यांना हिंदीची आणि हिंदुस्थानी संगीताची गोडी लागली. म्हणजे ज्या मुलीने पुढे अमेरिकन गाणी गायली, तिचे कान तयार झाले ते भायखळ्यातील एका वसाहतीत, तमिळ घर आणि पठाण शेजार यांच्या सोबतीत.

शाळेत मात्र निराळेच घडले. संगीताच्या वर्गातून त्यांना बाहेर काढण्यात आले. आवाज जाड, मुलींच्या समूहगायनात न मिसळणारा, हे त्याचे कारण. परंतु त्या शिक्षिकेने एक गोष्ट केली. मुलीला संगीताची ओढ आहे हे ओळखून तिच्या हाती ठेका धरण्याची छोटी वाद्ये दिली. गळ्याला दार बंद झाले, तरी संगीताचे दार किलकिले राहिले. त्या शिक्षिकेविषयी मला पुनःपुन्हा आदर वाटतो. निर्णय तिचा कदाचित चुकला असेल, पण नाकारतानाही तिने मुलीकडे पाहिले होते. मी केवळ कागदाकडे पाहिले.

पुढे अमीन सयानी यांनी या लहान मुलीला रेडिओ सिलोनवर गाण्याची संधी दिली. माझ्या पिढीला सयानींची ओळख सांगावयास नको. बुधवारी रात्री आठ वाजता गुलमंडीवरील दुकाने आवरताना ‘बिनाका गीतमाला’ ऐकणारी किती मंडळी आपल्या समाजात होती! त्या आवाजाच्या धन्याने ज्या मुलीला ध्वनिक्षेपकापुढे उभे केले, तिने गायले ते ‘मॉकिंगबर्ड हिल’ हे अमेरिकन गीत. हे गीत व्हॉन हॉर्टन यांचे. १९५१ साली ते अमेरिकेत अतिशय गाजले. गंमत अशी की, त्याची चाल मूळची अमेरिकन नव्हेच. ती स्वीडनमधील एका जुन्या नृत्यधुनेवरून आलेली आहे. स्वीडनचा सूर, अमेरिकेचे शब्द, सिलोनचे केंद्र आणि भायखळ्याचा गळा! व्यापारी माणसाला यात नवल वाटू नये. माल जसा बंदराबंदरांतून फिरत येतो, तशी गाणीही येतात. आणि चार बंदरे फिरून आलेला माल नेमका कोणत्या देशाचा, हे सांगणे नेहमीच सोपे नसते.

विशी ओलांडण्याच्या सुमारास उषाताई चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, गाऊ लागल्या. माउंट रोडवर सफायर, ब्लू डायमंड आणि एमराल्ड अशी रत्नांची नावे असलेल्या तीन चित्रपटगृहांचे एक संकुल होते. त्याच्या तळघरात ‘नाइन जेम्स’, म्हणजे आपल्या भाषेत नवरत्न, नावाचा एक नाइट क्लब होता. तेथे त्या साडी नेसून, केसांत फुले माळून गायल्या. १९६९ मध्ये त्या कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ट्रिंकाज’मध्ये गाऊ लागल्या आणि पुढे ते शहरच त्यांचे घर झाले.

नाइट क्लब हा शब्द वाचून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडली असेल. माझ्याही पडली. मद्य, धूर, अवेळी जेवण, यांपैकी काहीही आपल्या आचारात बसणारे नाही आणि ते बसवावे असे मी सुचवीतही नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. तेथे गाणाऱ्या स्त्रीने विशिष्ट प्रकारचा झगमगीत पाश्चात्त्य पोशाख करावा, अशी त्या काळी सर्वांची अपेक्षा होती. उषाताईंनी ती अपेक्षा पूर्ण केली नाही. त्या घरात जशा राहत, तशाच मंचावर उभ्या राहिल्या. त्यांनी यात कोणतेही बंड केले असे मला वाटत नाही. आपण जसे आहोत तसेच गाता येते, एवढेच त्यांना ठाऊक होते. (कांजीवरम रेशमाची असते आणि आपल्यापैकी अनेकांनी अहिंसेच्या विचाराने रेशीम वर्ज्य केले आहे, हे मला माहीत आहे. प्रश्न वस्त्राचा नाही, वस्त्रामागील निश्चयाचा आहे.) पुढे त्यांनी साडीच्या काठाच्या पट्ट्या लावलेले बूट घालून तासन्‌तास उभे राहून कार्यक्रम केले. पायाला सोय हवी म्हणून बूट बदलले, पण काठ आपलाच राहिला.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या आरंभीच्या गीतांत दोन अमेरिकन गीते होती : ‘जंबालया’ आणि ‘ग्रीनबॅक डॉलर’. या दोन्हींविषयी थोडे सांगितले पाहिजे.

‘जंबालया’ हे हँक विल्यम्स यांनी १९५२ साली गायलेले गीत. लुइझियाना राज्यातील पाणथळ प्रदेशात राहणाऱ्या, फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांच्या आनंदोत्सवाचे ते वर्णन आहे. चालही त्यांच्याच एका जुन्या गाण्यावरून घेतलेली. जंबालया हा तेथील भाताचा एक प्रकार. तो सामिष असतो, म्हणून पाककृती विचारू नये! परंतु गाण्यातील भाव पाहा : नदीकाठचे गाव, जमलेली आप्तमंडळी, एकत्र जेवण, ठरलेले लग्न. तपशील वगळला तर हे आपल्याच स्नेहभोजनाचे चित्र आहे.

‘ग्रीनबॅक डॉलर’ हे किंग्स्टन ट्रायो या अमेरिकन गायकत्रयीने १९६३ च्या सुमारास लोकप्रिय केलेले गीत. नोटांशी आयुष्य घालवलेल्या मला त्याचे नावच आकर्षक वाटले. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर सरकारला पैसा कमी पडू लागला, तेव्हा १८६१ पासून काढलेल्या कागदी नोटांची मागील बाजू हिरव्या शाईने छापलेली असे. म्हणून त्या ‘ग्रीनबॅक’, हिरव्या पाठीच्या. गाण्यातील भटका गायक म्हणतो, त्याचा आशय असा की, मला त्या डॉलरची पर्वा नाही, मिळाला की मी तो खर्चून टाकतो. हा अपरिग्रह नव्हे, हे जाणकार वाचक लगेच म्हणतील, आणि ते योग्यच आहे. उधळणे म्हणजे त्यागणे नव्हे. तथापि, डॉलरच्या देशातच डॉलरला कमी लेखणारे गाणे लोकप्रिय होते आणि ते गाणे कांजीवरम नेसलेली एक मुलगी आपल्या देशात गाते, हे ऐकल्यावर ‘अमेरिकन गाणे म्हणजे उथळ गाणे’ असा शिक्का मारण्याचा माझा हात थोडा थबकला.

चित्रपटाचे दारही उषाताईंना या गाण्यांमुळेच उघडले. शंकर-जयकिशन यांचे संगीत असलेल्या ‘बॉम्बे टॉकी’ (१९७०) या चित्रपटासाठी त्या गायल्या. दिल्लीत त्यांचे गाणे देव आनंद यांच्या कानी पडले आणि ‘हरे राम हरे कृष्ण’ (१९७१) मध्ये राहुल देव बर्मन यांच्या संगीतात, आशा भोसले यांच्यासमवेत, त्यांचा आवाज देशभर पोहोचला. पुढे ‘शान’ (१९८०), ‘अरमान’ (१९८१) अशी वाटचाल झाली. २०११ च्या ‘सात खून माफ’ मधील त्यांच्या व रेखा भारद्वाज यांच्या ‘डार्लिंग’ या गीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ते गीत तर ‘कालिंका’ या रशियन गीतावर आधारलेले आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘हे सारे परकीय अनुकरण आहे.’ त्यांच्यासाठी आपल्या परिसरातील एक उदाहरण देतो. छत्रपती संभाजीनगरहून फार लांब नसलेल्या, गोदाकाठच्या पुणतांब्यात १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. हेच संगीतकार सी. रामचंद्र. ‘शहनाई’ (१९४७), ‘अलबेला’ (१९५१), ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांतून अमेरिकन नृत्यसंगीताचा ठेका त्यांनी हिंदी गाण्यात आणला. मुंबईच्या हॉटेलांत अमेरिकन जाझ वाजवणारे गोव्याचे वादक त्यांच्या वाद्यवृंदात होते. त्यांतील चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक तर बार्देशातील हळदोण्याचे. आता पाहा, याच चितळकरांनी ‘अनारकली’ची अस्सल भारतीय वळणाची गाणी दिली आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी जे ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायले, त्याची चालही याच चितळकरांची. विदेशी ठेका हाती घेतल्याने त्यांचा देश सुटला नाही. एकाच वस्तूला अनेक अंगे असतात हे आपल्याला अनेकान्ताने शिकवले. परंतु ते शिक्षण पाठशाळेत ठेवून आपण समितीच्या बैठकीला जातो.

मात्र एक दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. विदेशी चाल घेणे निराळे आणि ती मूळ कर्त्याचे नाव न घेता आपली म्हणून खपवणे निराळे. आपल्या चित्रपटसंगीतात दुसरा प्रकारही पुष्कळ झाला. ‘प्यारा दुश्मन’ (१९८०) मधील उषाताईंनी गायलेले, बप्पी लाहिरी यांचे गाजलेले गीत नील सेडाका यांनी १९५९ मध्ये गायलेल्या एका अमेरिकन गीताच्या चालीवर बेतलेले आहे. गायिकेचा यात दोष नाही. परंतु अचौर्य व्रत मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुलांना हे जरूर सांगावे की, दुसऱ्याच्या खात्यातील रक्कम आपल्या खात्यात दाखवणे जसे चूक, तसेच दुसऱ्याच्या सुराचे. म्हणूनच मंचावर ‘हे अमुक अमेरिकन गीत’ असे उघड सांगून गाणारी व्यक्ती मला अधिक प्रामाणिक वाटते. माझ्या यादीतील मुलीने तेच केले होते. तिने ‘अमेरिकन’ हा शब्द लपवला असता तर कदाचित ती रेघ पडलीही नसती!

उषाताईंवर लाल रेघ मारण्याचा प्रयत्न मोठ्या माणसांनीही केला. १९८०च्या दशकात पश्चिम बंगालच्या एका मंत्र्यांनी त्यांचे गाणे ‘अपसंस्कृती’ ठरवून सरकारी सभागृहांचे दरवाजे त्यांना बंद केले. त्या न्यायालयात गेल्या आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या प्रांताचा राग धरून त्या शहर सोडून गेल्या नाहीत. त्याच कोलकात्यात राहिल्या, बंगालीतही गात राहिल्या, आणि आज ते शहर त्यांना आपली मानते. संस्कृतीचे रक्षण करू निघालेल्यांपेक्षा संस्कृती सांभाळून गाणारी टिकली.

संस्कृती सांभाळणे म्हणजे काय, याचा मी अलीकडे बराच विचार केला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल आणि व्यवहार या दोन वेगळ्या बाबी आहेत. व्यवहार रोज बदलतो. मुद्दल शाबूत आहे की नाही एवढेच पाहायचे असते. आपल्या आजोबांनी मारवाडातून किंवा गुजरातेतून येथे येऊन निजामाच्या राज्यात दुकान टाकले, उर्दूत अर्ज लिहिले, मराठीत गिऱ्हाइकाशी बोलले, मुलांना इंग्रजी शाळेत घातले. भाषा चार झाल्या, चूल आणि नवकार एकच राहिला. त्यांना कोणी ‘परक्या भाषेत बोलतोस’ म्हणून वाळीत टाकले नाही. मग नातीने परक्या भाषेत एक गाणे म्हटले तर आपण एवढे का बिचकावे?

याचा अर्थ मंचावर काहीही चालावे असा नव्हे. शब्द असभ्य असतील, व्यसनाचा गौरव असेल, तर ते गाणे नाकारावे. मग ते इंग्रजी असो, हिंदी असो की मराठी. हिंदी आहे म्हणून कितीतरी गाणी आपल्या विवाहसोहळ्यांत वाजतात, ज्यांचे शब्द आजीसमोर म्हणून दाखवणे अवघड आहे. तेथे आपली लाल लेखणी खिशातच राहते. गाळणी असावी, पण ती अर्थाची असावी, भाषेची नव्हे. आणि गाळण्यासाठी आधी ऐकावे लागते.

येथे माझा खरा अपराध येतो. बँकेत कर्जाचा अर्ज नाकारताना त्याचे कारण लिहावे लागे. कारण न लिहिता अर्ज परत केला तर वरिष्ठ आम्हाला जाब विचारीत. मी सेवाकाळात हा नियम कसोशीने पाळला. परंतु स्वतःच्या समाजातील एका मुलीचा अर्ज मी कारण न देता, न ऐकता फेटाळला.

यंदा पर्युषणानंतर क्षमापनेच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेलो. तिच्या आजीने पाणी दिले, वडिलांनी आदराने बसवले, जुन्या गोष्टीचा विषय कोणीही काढला नाही. व्यापारी घरात मतभेद असे उंबऱ्याबाहेर ठेवले जातात. शेवटी मीच त्या मुलीला बोलावून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले आणि कशाबद्दल तेही सांगितले. ती संकोचली. मग हळूच म्हणाली, ‘काका, मी कोणते गाणे म्हणणार होते, ते तुम्हाला माहीत आहे का?’

मला माहीत नव्हते. तिने अर्जाला गाण्याचे शब्द जोडले होते; मी ते पान उलटलेच नव्हते. मी तिला तसे स्पष्ट सांगितले. तिने भ्रमणध्वनीवर नुसती साथ लावली आणि त्या बैठकीच्या खोलीत, आजीच्या जपमाळेशेजारी उभी राहून ते गाणे म्हटले. माझे इंग्रजी पत्रव्यवहारापुरते. तरी गाणे घरापासून दूर गेलेल्या कोणाच्या तरी घराच्या आठवणीचे आहे, एवढे कळले. आजींना एक शब्दही कळला नसावा. गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘आवाज हिच्या पणजीसारखा आहे. त्या स्तवन म्हणत तेव्हा गल्ली थांबायची.’ एवढे दिवस त्या घरात ही तुलना कोणी केली नव्हती, कारण मुलगी दार लावून गात असे.

यंदाच्या संमेलनासाठी तिने नाव द्यावे, अशी मी विनंती केली. ‘बघते,’ एवढेच ती म्हणाली. तिला तो अधिकार आहे. दार आपण बंद केले होते. ते उघडल्यावर समोरच्याने लगोलग आत यावे, अशी अपेक्षा धरणे हाही एक प्रकारचा अहंकारच.

समितीच्या बैठकीत मी मात्र दोन ठराव मांडले आणि ते संमत झाले. पहिला : कोणतेही गीत ऐकल्याशिवाय वगळू नये. दुसरा : वगळल्यास कारण लिहून, सही करून, संबंधितास कळवावे. कागदावर हे किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरातील मूल पुढच्या वेळी लाल रेघेला सामोरे जाईल, त्याला निदान हे समजेल की आपले म्हणणे कोणीतरी ऐकले होते.

यादी यंदाही माझ्याकडेच आहे. नावे देण्याची मुदत अजून संपलेली नाही.

जय जिनेंद्र.